वाकडं अंगण

जुलै. शाळेला कुलूप, आणि मी पुन्हा शाळेत.
विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठानं सहा आठवड्यांसाठी
आम्हा नऊ मास्तर-मास्तरणींना बोलावलं.
यंत्रमानवांवर संशोधन करा, म्हणाले,
मग ते वर्गात न्या.
मानधन बरं होतं. वसतिगृहातली गादी प्लास्टिकची,
कूस बदलली की करकरायची.

सत्तावीस वर्षं मी सातवीला विज्ञान शिकवतेय.
इथं मला शिकवणारी माई न्हिया चोवीस वर्षांची,
आईबाप काकडीच्या शेतात राबलेले.
माझ्या चुकांवर ती हिरव्या शाईनं गोल करते
आणि विचारते, "इथं काय झालं असेल?"
एवढंच.
मला राग यायचा. सरळ सांग ना बाई, चुकलं म्हणून.

आमचा रोबो म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा चाकांचा गाडा.
त्यानं बारा मीटर सरळ जायचं. बाकी काही नाही.
हा आठव्या मीटरला डावीकडं कलायचा
गोठा आठवलेल्या गाईसारखा.
चार सेंटिमीटर. सात. एकदा तर अकरा.

चाकं बदलली, बॅटरी बदलली,
प्रोग्रॅमच्या चारशे ओळी पुन्हा लिहिल्या.
गणिताचा ऑगी स्टेनमेट्झ रात्री दोनला
पायजम्यावर समीकरण घेऊन आला.
तेही डावीकडं गेलं.
वैतागून तोच एकदा म्हणाला, "जमीनच तिरकी असेल."
मी म्हटलं, नाचता येईना!
सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.
ऑगी कानापर्यंत लाल झाला,
माझ्या वर्गातली पोरं होतात तसा.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार, रात्रीचे साडेदहा.
सफाईवाला बादली ढकलत आला.
"पाय वर घ्या जरा, मिसेस टॉर्गरसन."
नाव कसं ठाऊक?
"मी लायल. लायल ब्रेकी. तुमच्या वर्गात होतो की,
खिडकीकडच्या रांगेत."
मला आठवेना. मी म्हटलं, अरे हो, हो.
मास्तरकीत हे खोटं सफाईनं येतं.

पोछ्यावर हनुवटी टेकून त्यानं
रोबोच्या दोन फेऱ्या बघितल्या.
"पाण्याच्या वाटेनं चाललाय हा," म्हणाला,
आणि बादली अलगद कलती केली.

पाणी सरळ गेलं, जरा घुटमळलं,
मग शहाण्यासारखं डावीकडं वळून
कपाटाखाली शिरलं.
कपाट सरकवलं. तिथं मोरीची जाळी, गंजलेली.
"पूर्वी इथं दूध तपासायचे. सांडलेलं धुवायला
फरशी उताराचीच बांधलीय. अकरा वर्षं पुसतोय मी."

मध्यरात्री आम्ही चौघं पोटावर पालथे,
गोट्या सोडतोय, गाल गार फरशीला लावून.
माई न्हिया मोजमाप लिहीत होती.
ऑगी काहीच बोलला नाही. बोलायला हवं होतं त्यानं.

शेवटच्या दिवशीच्या तक्त्यावर
'पृष्ठभागाचा उतार : ०.६ अंश' असं मोठं छापलं,
आणि लायलचं नाव तळाला, आभारांत, तिसऱ्या ओळीत.
त्याहून मोठी अक्षरं तिथं मावत नाहीत, असं प्राध्यापक म्हणाले.
तो आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून.
वाचलं, आणि एक बिस्कीट खाऊन कामाला गेला.

घरी आल्यावर तळघरातून जुनं रजिस्टर काढलं.
दोन हजार नऊ. ब्रेकी, लायल. विज्ञान : अडतीस.
पुढं शेरा, लाल शाईत, माझ्याच अक्षरात :
'लक्ष नसतं. सारखा खाली बघत बसतो.'

मंगळवारी शाळा उघडतेय.
माझ्या वर्गाची फरशी मी अजून तपासलेली नाही.
गोटी मात्र पर्समध्ये आहे,
किल्ल्यांना लागून वाजते अधूनमधून.